लिंक पाठवली की शाळेचं काम संपलं का?

अलीकडे आपल्याकडच्या शाळांनी एक नवी रीत पाडली आहे. मूल वर्गात मागे पडतंय, एका जागी बसत नाही, अक्षरं लागत नाहीत, बोलत नाही, असं दिसलं की आईला बोलावणं येतं. बाबांना नाही, आईलाच. पाच-दहा मिनिटं बोलणं होतं आणि संध्याकाळी तिच्या मोबाईलवर चार-पाच लिंका येऊन पडतात. "हे व्हिडिओ बघा, घरी करून घ्या. आता सगळं ऑनलाईन मिळतं, काकू, काळजी करू नका." शाळेच्या वहीत नोंद होते, 'पालकांना मार्गदर्शन केले'. आणि विषय मिटतो.

मला या 'सगळं ऑनलाईन मिळतं' शी भांडायचं आहे. गेली कित्येक वर्षं मी बेळगावात आमच्या पाठशाळेत लहान मुलांना शिकवते आणि तिथे येणाऱ्या आयांशी बोलते. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता ते मला मार्गदर्शन वाटतच नाही. हात झटकण्याची ती एक सभ्य पद्धत आहे.

आधीच सांगते, माझा राग मोबाईलवर नाही. 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं' म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्या वेळी काहीच नव्हतं आणि त्याची किंमत त्या मुलांनी मोजली. 'ढ', 'येडं', 'मुकं' अशी नावं घेऊन ती शेतात नाहीतर दुकानाच्या मागच्या खोलीत मोठी झाली. आज खरोखरच चांगली साधनं आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप आहे. न बोलणारं मूल त्यातल्या चित्रावर बोट ठेवतं आणि मोबाईल त्याच्या वतीनं बोलतो. कर्णबधिर मुलांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचा कोश आहे, त्यात दहा हजार शब्द व्हिडिओसकट बघायला मिळतात. याच भाषेसाठी डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ नंबरची वाहिनी सुरू आहे. दिसत नसलेल्या, किंवा छापील पुस्तक हाताळता न येणाऱ्या वाचकांसाठी २०१६ साली सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. शिक्षकांनी मुलातली लक्षणं वेळेत ओळखावीत म्हणून एनसीईआरटीनं २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं ॲप काढलं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डिस्लेक्सिया तपासण्यासाठी 'डाली' नावाची चाचणी बनवली, आणि ती हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नडमध्येही आहे. आपल्या सीमाभागासाठी याहून सोयीचं काय असणार?

मग अडतं कुठे? अडतं ते या साधनाला माणसाच्या जागी बसवलं जातं तिथे.

'प्रशस्त' चंच घ्या. ते ॲप शिक्षकाच्या हातात द्यायचं आहे. शिक्षकानं मुलाचं निरीक्षण करून ते भरायचं, मग पुढची तपासणी विशेष शिक्षकानं करायची, आणि मग डॉक्टरांकडे. म्हणजे ती एक साखळी आहे. आपल्याकडे काय होतं? पहिली कडी आईच्या गळ्यात घालतात आणि पुढच्या कड्या शाळेत मुळी असतातच कुठे? विशेष शिक्षक नाही, आणि असला तर आठवड्यातून एकदा, पाच शाळा फिरून येणारा.

हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं काम नाही, बायांनो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक दिव्यांगता आहे, वाचा आणि भाषेची अडचण आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, असं तो कायदा सांगतो. पुस्तकं, शिकण्याची इतर साधनं आणि लागणारी उपकरणंही मोफत द्यायची आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारनं तर आकडाच ठरवून दिला. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक. या आदेशात व्हिडिओचा हिशेब कुठेही नाही. हिशेब माणसांचा आहे.

पुढच्या वेळी कुणी 'घरी करून घ्या' म्हणालं की शांतपणे विचारा, "सर, आपल्या शाळेत विशेष शिक्षक कधी येतात? कुठल्या वारी? माझ्या मुलाला किती वेळ देतात?" आणि हे तोंडी नको, अर्ज लिहून द्या, पोच घ्या. तोंडी विचारलेलं वाऱ्यावर जातं.

आता दुसरं भांडण, आणि हे आपल्या भाषेचं आहे.

लिंका येतात त्या बहुतेक इंग्रजी, थोड्या हिंदी. इंग्रजीतल्या डिस्लेक्सियाच्या व्हिडिओत आईला सांगतात, मूल बी आणि डी ची अदलाबदल करतंय का बघा. आमची मुलं कुठे अडखळतात? घ आणि ध. भ आणि म. थ आणि य. ब आणि व. ऱ्हस्व वेलांटीची गंमत बघा, 'कि' मध्ये ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. र ची तर किती रूपं! 'अर्क' मध्ये तो डोक्यावर चढतो, 'चक्र' मध्ये पायाशी बसतो, 'ट्रक' मध्ये त्याला दोन पाय फुटतात, 'वऱ्हाड' मध्ये चंद्रकोरीसारखा चिकटतो. अक्षरं नीट न लागणाऱ्या मुलाला हे डोंगरासारखं वाटणारच. याचे धडे, याचे खेळ, याची कार्डं कुणी करायची? लंडनच्या किंवा दिल्लीच्या बाईंनी? आणि आमच्या सीमाभागातल्या मराठी शाळेतलं मूल तर मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या एकदम गिरवतं. बडोद्याच्या मराठी घरातलं मूल गुजराती गिरवतं, हैदराबादचं तेलुगू. अशा मुलाचा गोंधळ कुठल्या लिपीत किती आहे, हे सांगणारा व्हिडिओ मी तरी अजून पाहिलेला नाही.

आकड्यांचं तसंच. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस मागून, लिहायचा मात्र २ आधी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, म्हणजे जो आकडा समोर नाहीच त्याचं नाव घ्यायचं! २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात पंचवीसबरोबर 'वीस पाच' असंही वाचायची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विनोद फिरले, मराठी बुडाली म्हणून लेख आले. ती रीत बरी की वाईट यावर भांडा खुशाल. पण त्या सगळ्या आरडाओरड्यात किती जणांनी विचारलं, की ज्या मुलाला आकडेच उलटसुलट दिसतात त्याला यानं जरा सोपं जाईल का? त्या मुलाची आठवण भाषेचा अभिमान मिरवणाऱ्यांनाही झाली नाही आणि तो झटकणाऱ्यांनाही नाही.

याहून वाईट म्हणजे तो सल्ला. 'मुलाला बोलायला उशीर होतोय, घरात एकच भाषा ठेवा.' ती एक भाषा कुठली? शाळेतली, म्हणजे इंग्रजी. मग जी आई मराठीत भांडते, लाडावते, देवाला जागवते, ती मुलाशी मोजून चार इंग्रजी शब्द बोलायला लागते. 'कम', 'सिट', 'नो', 'ईट'. गोष्ट बंद, गाणं बंद, आज्जीनं मांडीवर घेऊन केलेली बडबड बंद. मूल आधीच शब्दांच्या शोधात आहे आणि आपण त्याच्या घरातले शब्द काढून घेतो! ऑटिझम असलेल्या द्विभाषिक मुलांचे जे अभ्यास झालेत त्यांत दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं मागे पडतं असं आढळलेलं नाही. आईनं आपल्याला मनापासून येणाऱ्या भाषेत बोलावं, हेच जाणकार सांगतात. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी म्हणून घटनेत ३५०-अ कलम आहे. आपण सीमाभागातले लोक ते कलम फलकांसाठी आणि मोर्चांसाठी पाठ म्हणतो. जे मूल एका शब्दासाठी धडपडतंय त्याच्यासाठी ते कधी म्हणून दाखवलंय का?

तिसरं, आपलं घर. ऑटिझम असलेल्या मुलाला दिवसाचा क्रम चित्रांत लावून दाखवला की त्याची घालमेल कमी होते, ही फार उपयोगी युक्ती आहे. इंटरनेटवर असे तयार तक्ते ढिगानं मिळतात. एका बाईंनी हौसेनं छापून आणून भिंतीला लावला. त्यात टबातली आंघोळ, काट्या-चमच्यानं जेवण, आणि रात्रीच्या जेवणावर चंद्र काढलेला! त्यांच्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकतात. मुलगा रोज उजेडी ताटावर बसेना. चंद्र कुठाय, म्हणून खिडकीकडे बोट दाखवायचा. सासूबाई म्हणाल्या, हट्टी झालाय. हट्टी कसला? तो तर तक्ता बरोबर वाचत होता! चूक तक्त्याची होती. शेवटी त्यांनी आपल्याच घरातली बादली-तांब्या, ताट-वाटी, भाकरीची दुरडी, देव्हारा यांचे फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवले, जेवणावर मावळतीचा सूर्य लावला, आणि मुलगा जेवायला बसायला लागला. खर्च किती, तर फोटो छापायचे पैसे.

अशा गोष्टी लाख मोलाच्या असतात. पण त्या ज्या घरात घडतात त्या घरातच राहतात. कारण आपल्यात हे बोलायचंच नसतं ना! 'पूर्वकर्म' म्हटलं की संपलं. मला या शब्दाची चीड येते ती त्याच्या वापरामुळे. कर्माचा सिद्धांत माणसानं स्वतःकडे बघायला आहे, दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवायला नाही. शेजारणीच्या मुलाला बोलता येत नाही हे तिच्या कर्माचं फळ असेल, तर तिला मदत करायची की नाही हे तुमच्या आजच्या कर्माचा भाग आहे, त्याचं काय?

या गप्प बसण्याचा फायदा बाजार घेतो. रात्री अकराला सगळं आवरून आई मोबाईल हातात घेते तेव्हा तिला कोण भेटतं? 'तीस दिवसांत मूल बोलेल', 'ऑटिझम मुळापासून बरा', 'आमचं चूर्ण, आमचा कोर्स, आजच्या आज भरल्यास निम्मी फी'. स्टेम सेल देऊन ऑटिझम बरा करू म्हणणारेही आहेत, लाखांत पैसे घेतात. या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच सांगितलंय. ऑटिझम हा ताप नव्हे, की औषध दिलं आणि उतरला. मुलाला शिकवायचं असतं, त्याच्या जगण्याची सोय करायची असते. तेव्हा दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. बरं करण्याची हमी देतो तो खोटा. आणि ऑनलाईन असो की समोर, वाचाउपचार करणाऱ्याला किंवा विशेष शिक्षक म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्यावर जो रागावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि मुलाचा रडतानाचा, आपटतानाचा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कुणी 'तपासून सांगतो' म्हणालं तरी. ते मूल उद्या मोठं होणार आहे.

आता शेवटचं भांडण, आणि ते आपल्याच माणसांशी.

'आई हीच पहिली गुरू' हे म्हणायला फार गोड आहे. पण शाळा, डॉक्टर, नवरा, सासर, समाज सगळेच ते म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ होतो, 'तूच कर'. सकाळी डबे, मग देवपूजा, धुणी, मोठ्यांची पथ्यं, आणि मधल्या वेळात तिनं वाचाउपचार शिकावेत, व्यायाम शिकावेत, शिकवण्याच्या पद्धती शिकाव्यात, तेही इंग्रजी व्हिडिओवरून, नेट संपत आलेलं असताना. घरात मोबाईल एकच असेल तर तो दिवसभर दुकानात असतो. वीस मिनिटांच्या व्हिडिओतली दोन मिनिटं तिला बघायला मिळतात. आणि मूल नाहीच बोललं, तर 'तू नीट करून घेतलं नाहीस'. चांगल्या साधनाचा असा दोर वळून बाईच्याच गळ्यात घालायचा, याला मदत म्हणायचं का? वडिलांनी रोज अर्धा तास मुलाबरोबर बसावं, म्हणून मला इथे कुठलाही सिद्धांत मांडायचा नाही. बसावं, बस्स.

आणि समाज? आपल्यात पैसा नाही असं मला कुणी सांगू नये. एका पंचकल्याणकात मंडप, मिरवणूक, जेवणावळी यांवर काय उठतं ते आपण बघतो. अभिषेकाच्या बोलीत आकडे कसे चढतात तेही बघतो. श्रद्धेनं देतात, देऊ देत. पण आपल्याकडे दानं चार सांगितली आहेत. आहार, औषध, ज्ञान आणि अभय. पहिल्या दोहोंत आपला हात सैल आहे. ज्ञानदान म्हणजे ग्रंथ छापून वाटणं इथवर आलोय. मग ज्या मुलाला ग्रंथ वाचता येत नाही त्याचं ज्ञानदान कुठलं? आणि अभय! ज्या आईला मंदिरात मुलाला आणायची भीती वाटते, कारण घंटा-ढोल सुरू झाले की ते कानांवर हात ठेवून किंचाळतं आणि सगळ्या माना वळतात, त्या आईला अभय कोण देणार? दशलक्षणात रोज एक वेळ अर्धा तास घंटा-माईक बंद ठेवून या मुलांना दर्शन घेऊ देणं एवढं अवघड आहे का?

याच समाजानं १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा काढली आणि खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहं बांधली. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहांनी बायकांच्या शिक्षणाला आयुष्य दिलं. 'मुली शिकून काय करणार' म्हणणारे तेव्हाही होते. आज 'अशी मुलं शिकून काय करणार' म्हणणारे आहेत. उत्तर तेच द्यायचंय.

कुणी म्हणेल, अशी मुलं असतात कितीशी, दोन-चारांसाठी एवढा खटाटोप कशाला? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, आणि तेही आपणहून सांगितलेले. आपल्या गल्लीत दिसत नसतील तर ती आतल्या खोलीत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि समजा दोनच असली, म्हणून काय झालं? एका जीवाला वाचवताना आपण कधी संख्या विचारतो का? पाणी गाळून पिणारी माणसं आपण.

समवसरणात भगवंतांचा दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळायचा, असं आपण मुलांना सांगतो. माणसांनाच नव्हे, पशुपक्ष्यांनाही. पाठशाळेत हे सांगताना मला नेहमी वाटतं, शिकवण्याची याहून मोठी कसोटी कुठली? ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. ऐकणाऱ्यानं वक्त्याच्या भाषेपर्यंत धापा टाकत यावं, अशी तिथे अटच नव्हती.

म्हणून मागणं थेट मांडते. आपल्या महिला मंडळांनी या वर्षी एक काम घ्यावं. प्रत्येक गावच्या मंडळानं आपल्या घरांतले फोटो वापरून, आपल्या भाषेत, दिवसाच्या क्रमाची, मंदिरात जाण्याची, दवाखान्यात जाण्याची, पाहुण्यांकडे जाण्याची चित्रकार्डं तयार करावीत. घ-ध, भ-म, वेलांट्या आणि र च्या रूपांचे छोटे मराठी व्हिडिओ आपल्यातल्या निवृत्त शिक्षिकांनी करावेत, दोन-तीन मिनिटांचे, विशेष शिक्षकाकडून तपासून घेऊन. ते फुकट वाटावेत, जैन-अजैन न बघता. म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था आणि सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था या दोन्ही सरकारी आहेत. मुंबईच्या जय वकील संस्थेनं महाराष्ट्रातल्या विशेष शाळांसाठी 'दिशा' अभ्यासक्रम केला आहे. त्यांना मंडळाच्या कागदावर पत्र लिहून साहित्य आणि प्रशिक्षण मागावं. सीमा राज्यांच्या असतात, अभ्यासक्रमाला कोण अडवतं?

ट्रस्टींनी पुढच्या उत्सवाच्या खर्चातून एका विशेष शिक्षकाचा वर्षाचा पगार बाजूला काढावा आणि त्याला पाठशाळेच्या खोलीत बसवावं. आणि शाळांना आपण दहा-वीस जणींनी मिळून अर्ज द्यावा. एकटीला 'बघू' म्हणतात, वीस जणी गेल्या की खुर्च्या देतात.

हे झालं की मग पाठवा खुशाल लिंका. आम्ही त्या बघू, वापरू, जमलं तर सुधारूनही देऊ. पण त्याआधी, सर, तुमचे विशेष शिक्षक कुठल्या वारी येतात, तेवढं सांगा.